जे घडलं नाही त्याचं व्याकरण

फ्रेंच मजकुरात वारंवार आढळणारी एक चूक अवघ्या एका खुणेची असते. 'यूत एते' हे दोन शब्द लिहिताना पहिल्या शब्दातल्या 'यू'वर सिर्कोंफ्लेक्स नावाची टोपी घालायची राहून जाते. कानाला त्याचा पत्ताही लागत नाही. टोपी असो वा नसो, उच्चार तोच. अर्थ मात्र पार उलटतो. बिनटोपीचा 'यूत एते' झालेल्या गोष्टीबद्दल बोलतो: अमुक गृहस्थ मंत्री नेमला गेला आणि मग त्याने तमुक केलं. टोपीवाला 'यूत एते' न झालेल्या गोष्टीबद्दल बोलतो: तो नेमला गेला असता तर. घडलेलं आणि न घडलेलं यांच्यामधली हद्द राखायचं काम फ्रेंच लेखनाने एका टिचभर खुणेवर सोपवलं आहे.

व्याकरणात या रूपाचं नाव लांबलचक आहे: 'प्लु-क-पार्फे द्यु सब्जाँक्तिफ'. शाळेतली जुनी व्याकरणं त्याला भूतकाळी संकेतार्थाचं 'दुसरं रूप' म्हणत. बोलण्यातून ते केव्हाच उठून गेलं. आज कुणी चहाकॉफीच्या गप्पांत ते वापरलं तर ऐकणारे समजतात, एकतर गडी थट्टा करतोय किंवा फार शिकलाय. पुस्तकांत मात्र ते अजून भेटतं. त्यामुळे फ्रेंच शिकणाऱ्यांना हमखास सांगितलं जातं की हे रूप ओळखता यायला हवं, वापरायच्या भानगडीत पडू नका.

मराठी माणसाला खरं तर ते अवघड जाऊ नये. 'पाऊस पडला असता तर पीक आलं असतं' या वाक्यात अटीलाही 'असता' आणि फळालाही 'असतं'. दोन्ही गोष्टी एकाच न घडलेल्या जगातल्या, म्हणून दोघींचा वेश एक. आपल्या व्याकरणात हा संकेतार्थ. संस्कृत वैयाकरणांनी अशा हुकलेल्या क्रियेला 'क्रियातिपत्ती' म्हटलं आणि तिच्यासाठी लृङ् हा स्वतंत्र लकार ठेवला. अभिजात फ्रेंचलाही हे साधायचं: अटीत 'यूत', हवं तर फळातही 'यूत'. आजची बोली फ्रेंच मात्र अटीसाठी सरळ खऱ्या भूतकाळाचं रूप उचलते आणि त्यापुढे 'जर' लावून मोकळी होते. तिथे अट आणि फळ यांचे वेश वेगळे.

टोपीखाली एक जुना 'स' गाडलेला आहे. लॅटिनमधला 'फुइस्सेत', म्हणजे 'तो झाला असता', जुन्या फ्रेंचमध्ये 'फुस्त' झाला, मग 'स'चा उच्चार गेला आणि उरला 'फ्यू'. फ्रेंच अकादमीच्या कोशाने 1740च्या आवृत्तीत असे कितीतरी मुके 'स' काढून टाकले आणि त्यांच्या जागी खुणा बसवल्या.

इथवर व्याकरण. पण ज्या काळात हे रूप भरात होतं, त्या काळात फ्रान्समधली शहाणी माणसं एका प्रश्नावरून हमरीतुमरीवर येत होती. जे घडलं नाही, पण घडलं असतं, ते कुठे असतं? देवाला ते ठाऊक असतं का? आणि माणसाने जे केलं नाही, पण केलं असतं, त्याचा जाब त्याला द्यावा लागतो का?

या वादाचं मूळ बायबलमधल्या एका छोट्याशा प्रसंगात सापडतं. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात, तेविसाव्या अध्यायात, पलिष्टी लोक कईला गावची खळी लुटत असतात. दावीद धावून जातो, गाव वाचवतो आणि तिथेच थांबतो. त्याच्या जिवावर उठलेल्या शौल राजाला ही बातमी कळते. वेशी आणि अडसर असलेल्या गावात गडी आपणहून अडकला म्हणून तो खूश होतो. दावीद अब्याथार याजकाला एफोद आणायला सांगतो आणि देवाला दोन प्रश्न विचारतो. शौल इथे येईल का? येईल. कईलाचे लोक मला त्याच्या हवाली करतील का? करतील. दावीद आपली सुमारे सहाशे माणसं घेऊन निघून जातो. तो निसटल्याचं कळल्यावर शौल बेत सोडून देतो.

म्हणजे शौल आला नाही. कईलाच्या लोकांनी कुणाला हवाली केलं नाही. देवाने सांगितलेल्या दोन्ही गोष्टी घडल्याच नाहीत, तरी देव खोटा ठरला असं कुणी म्हणत नाही. त्याने जे सांगितलं ते 'तू इथे राहिलास तर' या अटीवरचं होतं. पण मग हे ज्ञान कशाचं? न घडलेल्या गोष्टीला पाय कुठले, की तिच्याबद्दल कुणी खरं बोलू शकावं? आणि त्या गावकऱ्यांची बाजू तर कुणी ऐकतच नाही. ज्याने लुटारूंपासून वाचवलं त्याच्याशी दगाबाजी केल्याचा ठपका त्यांच्यावर कायमचा बसला आहे, आणि तीही अशी दगाबाजी, जी करण्याची त्यांना संधीच मिळाली नाही.

स्पॅनिश जेझुइट लुईस द मोलिना याने 1588मध्ये लिस्बनला एक ग्रंथ छापला आणि कईलाचं हे कोडं थेट धर्मशास्त्राच्या मध्यभागी आणून ठेवलं. त्याचं म्हणणं असं: देवाला जे काही शक्य आहे ते सगळं ठाऊक असतं, आणि प्रत्यक्षात जे घडणार तेही ठाऊक असतं. या दोहोंच्या मध्ये आणखी एक ज्ञान आहे. कुठलाही स्वतंत्र जीव कुठल्याही परिस्थितीत ठेवला तर तो आपखुशीने काय करील, हे देव जग घडवण्याआधीच जाणतो. हे 'मधलं ज्ञान' वापरून तो जगाची मांडणी करतो. माणूस मोकळा राहतो आणि देवाचा बेतही फसत नाही. डोमिनिकन पंथीयांना हे अजिबात रुचलं नाही. त्यांच्या मते यात देवाची कृपा माणसाच्या मर्जीवर टांगली गेली. 1598 ते 1607 अशी जवळजवळ नऊ वर्षं रोममध्ये सुनावणी चालली. शेवटी पोप पाचव्या पॉलने दोन्ही पक्षांना एकमेकांना पाखंडी म्हणू नका असं बजावलं आणि निकाल योग्य वेळी देऊ म्हणून सांगितलं. तो निकाल अजून यायचा आहे.

(आपल्याकडे गोव्यात याच जेझुइट संघातला एतिएन द ला क्र्वा नावाचा फ्रेंच पाद्री थोड्याच वर्षांनी चक्क मराठीत ओव्या रचत होता. त्याचं पुराण संत पीटरवर आहे, ज्याच्याबद्दल येशूने आधीच सांगून ठेवलं होतं की कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील. सांगून ठेवलेलं पाप हे पाप कसं, हा प्रश्न तिकडून इकडे जहाजानेच आला.)

फ्रान्समध्ये जेझुइटांना खरे भिडले ते पोर-र्वायालचे लोक. पॅरिसच्या नैर्ऋत्येला, शेव्ह्रझच्या खोऱ्यात, जोगिणींचा एक मठ होता. त्याच्याभोवती काही विद्वान एकांतवासी राहत, शाळा चालवत, पुस्तकं लिहीत. ऑगस्टीनच्या शिकवणीला घट्ट धरून ते म्हणत की आदमच्या पतनानंतर माणूस स्वतःच्या बळावर काहीही चांगलं करू शकत नाही. कृपा आली तरच तो तरतो. ब्लेझ पास्काल याच गोतावळ्यातला. 1662मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी तो गेला, आणि त्याच्या कागदांच्या चिठोऱ्यांतून 1670मध्ये जे पुस्तक निघालं ते 'पाँसे', म्हणजे विचार.

त्यातलं क्लिओपात्राचं नाक जगाला ठाऊक आहे: ते जरा आखूड असतं तर पृथ्वीचा चेहराच पालटला असता. त्या वाक्यातली अट टोपीवाल्या 'यूत एते'नेच बांधली आहे. हे वाक्य फारच गाजलं, इतकं की त्याच्या सावलीत दुसरं एक, कितीतरी खोल, टिपण झाकून गेलं.

त्या टिपणात पास्काल स्वतःकडे वळतो. आपण नसतोही, असं आपल्याला जाणवतं, असं तो म्हणतो. कारण 'मी' म्हणजे माझा विचार. आणि माझ्यात जीव येण्याआधीच माझी आई मारली गेली असती तर विचार करणारा हा मी झालोच नसतो. तेव्हा मी काही अपरिहार्य वस्तू नव्हे. अनादि नव्हे, अनंत नव्हे. पण निसर्गात असं काहीतरी आहे जे अपरिहार्य, अनादि आणि अनंत आहे, हे मला दिसतं. एवढंच टिपण. ईश्वराच्या अस्तित्वाचा हा युक्तिवाद पंडितांना जुनाच होता. आकस्मिक गोष्टींच्या मुळाशी एखादी अटळ गोष्ट असायला हवी, हे थॉमस अक्वायनसनेही सांगितलं होतं. पास्कालने त्यात घातली ती आई. तर्कशास्त्राला एखादं 'क' पुरलं असतं. ज्याची आई, आंत्वानेत बेगों, तो तीन वर्षांचा असताना 1626मध्ये वारली, त्या माणसाने हे उदाहरण निवडलं, आणि आईच्या मरणाची अट टोपीवाल्या क्रियापदात मांडली. घडलेलं मरण आणि न घडलेलं मरण यांत फक्त वेळेचा फरक होता, हे त्याला नक्कीच माहीत असणार.

पास्कालचा वडीलधारा सोबती आंत्वान आर्नो. सॉर्बोनने हाकललेला, आयुष्याची अखेरची वर्षं परागंदा काढलेला धर्मशास्त्री. याच आर्नोने क्लोद लांसलोबरोबर 1660मध्ये ते प्रसिद्ध पोर-र्वायाल व्याकरण लिहिलं. क्रियापदाचं मुख्य काम ठासून विधान करणं. इच्छा, सवलत, आज्ञा असे मनाचे जे इतर व्यापार आहेत त्यांच्यासाठी भाषा निरनिराळे 'अर्थ' घडवते, अशी त्यातली मांडणी. व्याकरण हा त्यांच्यासाठी मनाचा नकाशा होता. म्हणूनच पुढे न घडलेल्या गोष्टींवरून जर्मनीतला एक तत्त्वज्ञ आर्नोशी वाद घालायला आला, तेव्हा त्याला तयारीचा गडी भेटला.

तो तत्त्वज्ञ म्हणजे लायब्निझ. 1686मध्ये त्याने हेसेच्या एका संस्थानिकामार्फत आपल्या नव्या तत्त्वज्ञानाचा गोषवारा आर्नोला धाडला. प्रत्येक व्यक्तीच्या संपूर्ण संकल्पनेत तिच्या बाबतीत कधीही घडणारं सगळं आधीच सामावलेलं असतं, हा त्यातला गाभा. आर्नो उखडला. यातून तर सगळ्या विश्वाला नियतीचे साखळदंड पडतात! पुढच्या पत्रांत त्याने स्वतःचंच उदाहरण काढलं. मी ब्रह्मचारी राहून धर्मशास्त्री झालो. समजा, लग्न करून, पोराबाळांचा बाप होऊन मी वैद्यकी केली असती, तर तो वैद्य आर्नो मीच असतो की नाही? लायब्निझचं उत्तर कोरडं होतं: तो तुम्ही नसता, दुसराच कुणी असता. लग्न न करणं हे तुमच्या 'तुम्ही'पणातच आहे.

या उत्तरात भीती वाटावी असं काही आहे. 'मी असं केलं असतं तर' हे वाक्य लायब्निझच्या हिशेबात कधीच माझ्याबद्दल नसतं. ते माझ्यासारख्या दिसणाऱ्या एखाद्या परक्या इसमाबद्दल असतं.

चोवीस वर्षांनी, 1710मध्ये, अ‍ॅमस्टरडॅमला त्याचा 'तेओदिसे' हा ग्रंथ फ्रेंचमध्येच निघाला. प्रशियाची राणी सोफी शार्लोट हिच्याशी झालेल्या संभाषणांतून तो उगवला. छापून आला तेव्हा ती राणी जाऊन पाच वर्षं झाली होती. देव चांगला असेल तर जगात वाईट का, हा विषय. आणि ग्रंथाच्या शेवटी, शेकडो पानांच्या तर्कवितर्कानंतर, लायब्निझ एकदम गोष्ट सांगायला बसतो. पंधराव्या शतकातल्या लोरेंत्सो वाल्लाचा एक संवाद तो पुढे नेतो.

सेक्स्टस टार्क्विनियस, रोमच्या राजाचा मुलगा, भविष्य विचारायला जातो. उत्तर मिळतं: तू मित्राच्या बायकोवर अत्याचार करशील, हद्दपार होशील, हालात मरशील. सेक्स्टस ज्युपिटरपुढे गाऱ्हाणं मांडतो. ज्युपिटर म्हणतो, रोमचा नाद सोड, नशीब बदलेल. सेक्स्टसला राज्य हवं असतं. तो तडक निघून जातो. हे सगळं पाहणारा पुजारी थिओडोरस चक्रावतो आणि ज्युपिटर त्याला अथेन्सला, पॅलस देवीकडे पाठवतो. तिथे त्याला स्वप्नात नियतीचा महाल दिसतो. दालनांवर दालनं रचत गेलेला पिरॅमिड, आणि एकेक दालन म्हणजे एकेक शक्य जग. एका दालनात सेक्स्टस कोरिंथसारख्या गावी जातो, एक बाग विकत घेतो, खणताना धन सापडतं, मानाने म्हातारा होऊन मरतो. दुसऱ्यात तो थ्रेसला जातो, राजकन्येशी लग्न करतो, गादीवर बसतो. प्रत्येक दालनात एक पोथी आहे. सेक्स्टसच्या कपाळावर एक आकडा आहे. पोथीत तो आकडा शोधून त्या ओळीवर बोट ठेवलं की त्या आयुष्याचा तपशील डोळ्यांपुढे उलगडतो. सटवाईच्या लेखावर वाढलेल्या मराठी वाचकाला इथे घरच्यासारखं वाटायला हरकत नाही. फरक इतकाच, की सटवाई एकदाच लिहून जाते. लायब्निझच्या महालात सगळे खर्डे जपून ठेवले आहेत.

पिरॅमिडला कळस आहे, पाया नाही. खाली खाली दालनं वाढतच जातात. कळसाच्या दालनात आपलं जग. त्यात सेक्स्टस रोमला जातो आणि ठरलेला गुन्हा करतो. त्या गुन्ह्यातून राजेशाही बुडते, प्रजासत्ताक उभं राहतं, थोर साम्राज्य घडतं. म्हणून देवाने हेच जग निवडलं. बागवाल्या सेक्स्टसचं जग सुखाचं होतं, पण एकूण हिशेबात कमी भरलं.

यातली बोच लायब्निझला दिसली नसेल असं नाही, पण तो तिच्यापाशी थांबत नाही: मित्राच्या त्या बायकोला, ल्युक्रेशियाला, त्या महालात कुणीच फिरवून आणत नाही. दालनं दाखवली जातात ती सेक्स्टसची. जिच्या अब्रूच्या आणि प्राणाच्या किमतीवर कळस चढला, तिची बाग कुठल्या दालनात होती ते पोथीत शोधायचं थिओडोरसला सुचत नाही.

जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत असंच एक दालन आहे. तिथे विश्वासरावांना लागणारी गोळी कानाला चाटून जाते आणि पुढचा हिंदुस्थान निराळा घडतो. नारळीकरांच्या कथेत मात्र दालनांची प्रतवारी लावणारा कुणी नाही. गोळी इकडून गेली की तिकडून, हे निवडीवाचून ठरतं, आणि आपलं जग कळसावर असल्याची शाश्वती कुणी देत नाही.

लायब्निझच्या महालाला हादरा बसला तो लिस्बनमध्ये, जिथे मोलिनाचं पुस्तक छापलं गेलं होतं. 1 नोव्हेंबर 1755, सर्व संतांचा सण, सकाळी चर्चं भरलेली. भूकंप, मग समुद्राची लाट, मग आग. चार वर्षांनी व्होल्तेरचा 'कांदीद' आला. त्याच्या शेवटी पांग्लोस गुरुजी शिष्याला जमाखर्च ऐकवतात: तुला लाथा घालून वाड्यातून हाकललं नसतं, धर्मन्यायालयापुढे उभं केलं नसतं, अमेरिका पायी तुडवावी लागली नसती, एल्दोरादोच्या मेंढ्या हातच्या गेल्या नसत्या, तर आज इथे बसून पाकवलेली महाळुंगं आणि पिस्ते खात नसतास. गंमत अशी की ही सगळी 'नसतं'ची माळ व्होल्तेरने साध्या, बोली रूपात ओवली आहे. टोपीवालं भारदस्त क्रियापद एकही नाही. इतक्या फालतू हिशेबाला ते उगीच खर्च करण्यात त्याला अर्थ वाटला नसावा.

ते खर्ची पडलं होतं ऐंशीएक वर्षं आधी, रंगभूमीवर. ज्याँ रासीन हा पोर-र्वायालच्या शाळेत वाढलेला. व्याकरणकार लांसलोकडेच तो ग्रीक शिकला. पुढे नाटकाच्या नादाने तो गुरुजनांपासून तुटला. 1 जानेवारी 1677ला त्याचं 'फेद्र' रंगमंचावर आलं. राणी फेद्र आपला सावत्र मुलगा इपोलित याच्या प्रेमात पडली आहे. नवरा तेझे मेल्याची वार्ता आली आहे. मुलाच्या हक्कांविषयी बोलायचं निमित्त करून ती इपोलितपुढे उभी राहते, आणि बोलता बोलता तेझेच्या तरुणपणाची आठवण काढते: क्रीट बेट, चक्रव्यूह, त्यात दडलेला मिनोटॉर, तेझेच्या हाती दोरा देणारी तिची बहीण आरियान. आणि मग ती भूतकाळ खोडून पुन्हा लिहायला घेते. तेव्हा तू का नव्हतास तिथे? तो राक्षस तुझ्या हातून मेला असता. बहिणीने तो दोरा तुझ्या हाती दिला असता. पण नाही, तिच्याआधी मीच पुढे झाले असते; प्रेमाने मला ती युक्ती आधीच सुचवली असती. नुसता दोरा देऊन मी थांबले नसते, तुझ्याबरोबर आत उतरले असते, तुझ्याबरोबर बाहेर आले असते नाहीतर तिथेच हरवले असते.

या संवादात दोन्ही रूपं ओळीआड येतात, साधा संकेतार्थ आणि टोपीवाला. छंदाच्या मात्रा जुळवायलाही त्यांचा उपयोग झाला असेल. पण ऐकणाऱ्याला कळतं ते हे, की बाईने 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे शब्द उच्चारायच्या आत सगळं सांगून टाकलं आहे. आणि तेही अशा जगाबद्दल बोलून, जे कधी झालंच नाही. तिने केलं काय? काहीच नाही. स्पर्श नाही, चिठ्ठी नाही, भेट नाही. तरी इपोलितचा चेहरा उतरतो, आणि तिला स्वतःलाही ठाऊक असतं की आता मागे फिरता येणार नाही.

रासीनने प्रस्तावनेत म्हटलं आहे की या नाटकात गुन्ह्याचा नुसता विचारसुद्धा प्रत्यक्ष गुन्ह्याइतकाच भयंकर मानला आहे. हे पोर-र्वायालचं बोलणं होतं, आणि ते जिथे पोचायला हवं तिथे पोचलं. रासीनचा मुलगा लुई याने लिहून ठेवलंय की रासीनचा मित्र बोआलो हे नाटक घेऊन म्हाताऱ्या आर्नोकडे गेला. आर्नोने ते वाचलं, मान्य केलं, आणि फक्त एक विचारलं: त्याने इपोलितला प्रेमात का पाडलं? फेद्रबद्दल त्याची तक्रार नव्हती. जो माणूस 'न झालेला आर्नो मीच का?' म्हणून लायब्निझला पुढे अडवणार होता, त्याला चक्रव्यूहात कधीही न उतरलेली ही बाई पूर्णपणे खरी वाटली.

नंतर या टोपीवाल्या रूपाचे दिवस फिरले. क्रियापदाच्या लांब, 'आस्', 'आसियों' करत संपणाऱ्या शेपट्यांची टिंगल होऊ लागली. 26 फेब्रुवारी 1901च्या सरकारी आदेशाने परीक्षांत काही ठिकाणी साधा वर्तमान सब्जाँक्तिफ चालवून घ्यायला सांगितलं. 1990मध्ये शुद्धलेखन सुधारलं तेव्हा 'इ' आणि 'यू'वरच्या बऱ्याच टोप्या ऐच्छिक झाल्या, पण या क्रियापदावरची कायम राहिली. राहणं भागच होतं.

आणि 29 ऑक्टोबर 1945ला, युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पॅरिसमध्ये, खचाखच भरलेल्या सभागृहात ज्याँ-पॉल सार्त्रने सगळा महालच पाडून टाकायचा प्रयत्न केला. माणूस म्हणजे त्याच्या कृत्यांची बेरीज, बाकी काही नाही. प्रेम म्हणजे प्रत्यक्ष केलेलं प्रेम. परिस्थिती आडवी आली नसती तर मी थोर पुस्तक लिहिलं असतं, योग्य माणूस भेटला असता तर जीव ओवाळून टाकला असता, या सबबी आहेत. उदाहरणाला त्याने रासीनच घेतला. रासीनची प्रतिभा म्हणजे त्याने लिहिलेल्या शोकांतिका. त्याने आणखी एक लिहिली असती असं म्हणायचं कशासाठी, जेव्हा नेमकी तीच त्याने लिहिली नाही? 'फेद्र'नंतर सदतिसाव्या वर्षी रासीन राजाचा इतिहासकार झाला आणि बारा वर्षं त्याने रंगभूमीसाठी लिहिलं नाही. सार्त्रच्या लेखी त्या बारा वर्षांत न लिहिलेलं काहीही नाही. रिकामी दालनंसुद्धा नाहीत.

देव नसलेल्या जगात हे म्हणणं सुसंगत आहे. न घडलेलं ठाऊक असणारा कुणी उरलाच नाही, तर ते असणार कुठे? आणि सबबींच्या बाबतीत सार्त्रचं बरोबरच आहे. 'मी केलं असतं' म्हणून छाती काढणाऱ्याला फुकटचं श्रेय देण्याचं कारण नाही. पण त्याने निवडलेल्या नाटककाराच्या सर्वांत मोठ्या नाटकात सगळी आग त्या न केलेल्या गोष्टींतच आहे. फेद्र 'असतं' हा शब्द लपायला वापरत नाही. ती त्याच शब्दाने स्वतःला उघडं करते. एकच क्रियारूप, पण बचावात वापरलं तर पोकळ आणि कबुलीत वापरलं तर वजनदार, हा फरक सार्त्रच्या बेरजेत बसत नाही. कईलाच्या गावकऱ्यांपैकी एखाद्याने रात्री अंथरुणात 'आपण दाविदाला दिलं असतं' असं स्वतःशी मान्य केलं असेल, तर त्या कबुलीला शून्य गुण कसे द्यायचे?

सार्त्रला नाटककार म्हणून हे कळत होतं, असं त्याच्याच 'वी क्लो'वरून वाटतं. भाषणाच्या सुमारे दीड वर्ष आधी, मे 1944मध्ये, ते रंगमंचावर आलं होतं. नरकातल्या एका बंद खोलीत तीन मेलेली माणसं. त्यांतला गार्सें हा रिओचा पत्रकार, युद्धविरोधी. युद्ध पेटल्यावर पळाला, सरहद्दीवर पकडला गेला, गोळ्या घातल्या गेल्या. आपण भेकड नव्हतो, आपल्याला पुरेसा वेळ मिळाला नाही, हे त्याला सिद्ध करायचं आहे. इनेज त्याला ठणकावून सांगते की तू म्हणजे तुझं आयुष्य, दुसरं काही नाही. भाषणात सार्त्र जे म्हणणार होता, ते इथे इनेज म्हणते. त्याच्या थोडं आधी गार्सें दारावर धडका मारतो आणि दार अचानक उघडतं. बाहेर बोळ आहे, वाट मोकळी आहे. तो जात नाही. इनेजला अजून पटलेलं नाही, आणि तिला पटेपर्यंत तो तिथेच थांबणार आहे.